अग्लाया तिखोनोव्नाची नऊ रोपं

अग्लाया तिखोनोव्ना चौथ्या मजल्यावरून उतरून माझ्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या हातात पत्र्याचा मोठा ट्रे होता. ट्रेमध्ये दुधाची कापलेली नऊ कागदी खोकी आणि प्रत्येक खोक्यात वीतभर उंचीचं एकेक रोप.

“धर,” त्या म्हणाल्या.

मी धरला. ट्रामच्या डेपोत एकतीस वर्षं मुकादमी केलेल्या बाईनं ‘धर’ म्हटलं की आधी धरायचं आणि मग विचारायचं, एवढी शिस्त आमच्या जिन्यात सगळ्यांना आहे.

“काय आहे हे?”

“माझा बाप.”

त्यांचे वडील तिखोन जाऊन चाळीस वर्षं झाली होती, पण बाई चुकीचं बोलत नव्हत्या. तिखोन दक्षिणेतून बदली होऊन आमच्या उरलच्या थंडीत आले तेव्हा त्यांनी रुमालाच्या गाठीत टोमॅटोचं बी आणलं होतं. गुलाबी, दोन मुठींएवढा टोमॅटो. पानं मात्र टोमॅटोसारखी कातरलेली नाहीत, बटाट्याच्या पानासारखी रुंद. सगळ्या शहरात असा टोमॅटो फक्त अग्लायांच्या दाचावर, म्हणजे शहराबाहेरच्या बागेच्या तुकड्यावर, होई आणि त्याला सगळे तिखोन म्हणत. तो अग्लाया वाटतही असत, अगदी सढळ हातानं, पण चमच्यानं सगळ्या बिया कोरून काढल्यावर. आमच्या जिन्यात वीस वर्षं सगळ्यांनी पोकळ टोमॅटो खाल्ले आणि आभार मानले.

दोन वर्षांपूर्वी करप्यानं पीक गेलं. गेल्या उन्हाळ्यात बाई पायरीवरून पडून खुबा मोडून घरात होत्या. यंदा मार्चमध्ये त्यांनी बरणीतलं उरलंसुरलं बी पेरलं. सात वर्षांचं जुनं, एकसष्ट दाणे. उगवले नऊ.

“बरणीत आता काय आहे?” मी विचारलं.

“वास.”

म्हणजे ही नऊ गेली की तिखोन गेला. आणि नेमकं आत्ता, रोपं बाहेरच्या हवेला सरावून काटक करायच्या दहा दिवसांत, बाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात बोलावलं होतं. आठ महिने वाट पाहून नंबर लागला होता.

“पण मीच का?” मी म्हणालो. “मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. माझ्याकडे निवडुंगसुद्धा मेलाय.”

“तू प्रामाणिक आहेस.”

मला बरं वाटलं. मी नको नको म्हणणार, एवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, “तुझ्याकडे एक इंच जमीन नाही. चोरून लावणार कुठे?”

आमच्याकडची पद्धत अशी, की विकत आणलेलं रोप रुसतं, आभार मानून घेतलेलं रोप मरतं आणि चोरलेलं रोप हटकून धरतं. त्यामुळे मे महिन्यात आमच्या शहरातली अत्यंत सज्जन माणसं, ग्रंथपाल, दंतवैद्य, निवृत्त न्यायाधीश, एकमेकांच्या खिडक्यांतून एकेक रोप पिशवीत टाकून नेतात. कोणी तक्रार करत नाही. ज्याचं जातं तोही दुसऱ्याकडून आणतोच. अपवाद एकट्या अग्लायांचा. त्यांच्या दाचावर कोणी कुंपणाजवळ रेंगाळलं तर त्या पाण्याच्या नळीचं तोंड त्याच्याकडे करत.

बाईंनी माझ्या फ्रिजवर एक कागद चिकटवला. रोज किती तास, किती वारा, किती ऊन, सगळं त्यात होतं.

“काचेआड वाढलेलं रोप म्हणजे वर्गात पहिला आलेला मुलगा,” त्या म्हणाल्या. “दिसायला गोंडस. पहिल्याच वाऱ्यात आडवा. त्याला थोडं थोडं जग दाखवायचं. एकदम नाही. एकदम दाखवलं की मरतो. कळलं?”

“कळलं.”

“काय कळलं?”

“थोडं थोडं.”

“मी रोज एक वाजता फोन करीन,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

माझ्या खिडक्या उत्तरेला, समोर बॉयलरघराची भिंत. त्यामुळे ट्रे ठेवायला जागा एकच होती, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या जिन्याच्या वळणावरच्या खिडकीचा कट्टा. तिथे गार असतं आणि खिडकी उघडली की वारा येतो. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन. मी शेजारी स्टूल टाकून वर्तमानपत्र घेऊन बसायचो. वर्तमानपत्र उलटं आहे हे तिसऱ्या दिवशी कोणीतरी दाखवून दिलं.

ते दाखवणारी बाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या झोया फिलिपोव्ना. शाळेच्या खानावळीतून निवृत्त. त्यांची दाचा अग्लायांच्या दाचाला लागून, मधे एकच कुंपण. बावीस वर्षं त्या कुंपणाच्या अलीकडे झोयांचे टोमॅटो होते आणि पलीकडे तिखोन होता. झोयांचे टोमॅटो चांगले असत. चांगलं असणं आणि शेजारी त्याहून चांगलं असणं, यात माणसाचे फार हाल होतात.

“काय मात्वेई लुकिच,” त्या रोज काहीतरी निमित्तानं वर जाऊन उतरताना म्हणायच्या, “बाळंतपण कसं चाललंय?”

“ठीक आहे.”

“नऊ म्हणजे जास्तच झाली हो एका माणसाला.”

आणि ट्रेकडे बघत एकेक पायरी उतरायच्या. त्यांचा गुडघा दुखतो हे मला ठाऊक होतं. ट्रेजवळच्या पायऱ्यांवरच जास्त दुखतो हे नवीन कळलं.

हवा तेव्हा वाईट होती. रानचेरी फुलली की आमच्याकडे थंडी हटकून परत येते, तशी आली होती. आठवडाभर आभाळ शिशासारखं. मी बरं मानलं, कारण कागदावर उन्हाबद्दल लाल शाईनं लिहिलं होतं आणि लाल शाईची मला भीती वाटते.

पाचव्या दिवशी गव्हाची लापशी करपल्याचा वास आला म्हणून मी वर धावलो. भांडं उतरवलं, खाली आलो. ट्रेमध्ये आठ खोकी होती.

मी मोजली. मग उलट्या बाजूनं मोजली. मग उरलेली आठ जरा पसरून ठेवली, म्हणजे रिकामी जागा दिसू नये. कोणाला दिसू नये, हे मला अजून सांगता येत नाही. तिथे मी एकटाच होतो.

खाली, प्रवेशदाराशी बाकावर, तळमजल्यावरचा इलारिओन दिवसभर बसून असतो. पूर्वी बस चालवायचा. आता बसतो.

“इलारिओन, वर कोण गेलं आत्ता?”

“सगळेच गेले.”

“खाली कोण आलं?”

“जे वर गेले तेच. जिना आहे तो, लुकिच. लोक काय उडत जातील?”

एक वाजता फोन आला. मी सांगितलं, नऊही उत्तम. मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही, म्हणून माझा आवाज बारीक झाला असावा.

“सर्दी झालीय तुला?” अग्लायांनी विचारलं.

“थोडी.”

“रोपांवर शिंकू नकोस.”

सातव्या दिवशी बरोबर एक वाजता फोन आला, मी आत जाऊन बारा मिनिटं बोललो, बाहेर आलो तर सात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चोराला फोनची वेळ ठाऊक होती. ती अख्ख्या जिन्याला ठाऊक होती, कारण अग्लायांशी बोलताना मी ओरडतो आणि त्या तर ओरडतातच.

घड्याळजी माणूस एकदा विचार करायला बसला की वाईट. मी रात्रभर विचार केला आणि मला असं सुचलं, की ट्रे अशा जागी हवा जिथे हवा पोचेल, वारा पोचेल, पण माणसाचा हात पोचणार नाही. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांमधली वळणावरची खिडकी प्रवेशदाराच्या छज्ज्यावर उघडते. आठव्या दिवशी सकाळी साडेदहाला मी खिडकीतून ओणवा होऊन ट्रे छज्ज्यावर ठेवला, खिडकी लावली आणि चौकटीत सहा स्क्रू मारले. लांब. दीड बोट लांब. आता फोन आला तरी चोर खिडकी उघडू शकत नव्हता.

कागदावर लिहिलं होतं: *आठवा दिवस, सकाळचं कोवळं ऊन, दीड तास, मग सावली.* दीड तास म्हणजे बारापर्यंत. बाराला दहा कमी असताना स्क्रू काढायचे असं मी ठरवलं होतं. त्या दिवशी आभाळ पहिल्यांदा उघडलं होतं. एकही ढग नाही. छज्ज्यावर काळा डांबरी कागद घातलेला असतो, हे चौतीस वर्षं त्याच्याखालून ये-जा करत असल्यामुळे मला ठाऊक नव्हतं.

बाराला पंधरा कमी असताना फोन वाजला.

“लुकिच? आज लवकर केला. फोनला रांग नाहीये. बोल.”

“सगळं ठीक आहे, अग्लाया तिखोनोव्ना, मी जरा नंतर—”

“ठीक हे डॉक्टर म्हणतात. तू नीट सांग. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. आज रक्तदाब एकशे पंचेचाळीस. दीडशेच्या वर गेला तर परत पाठवतात, आणि परत आठ महिने. मला काही झालेलं चालणार नाही आज. सगळं सांग, म्हणजे मी शांत होते. पहिलं रोप.”

मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन फोनपाशी उभा होतो.

“पहिलं… उभं आहे.”

“पानं?”

“सात.”

“काल आठ म्हणालास.”

“खालचं एक पिवळं पडलं. मी काढलं.”

“कोणी सांगितलं काढायला?” त्यांचा श्वास मला ऐकू आला. “बरं. दुसरं.”

आम्ही दुसरं केलं, तिसरं केलं. त्यांना प्रत्येकाचा दांडा, पानं, रंग, कल, सगळं हवं होतं. चौथ्याच्या मध्यावर खालचं प्रवेशदार उघडल्याचा आवाज आला आणि जिन्यातून इलारिओनचा आवाज वर आला.

“लुकिच! ए लुकिच! तुझ्या पोरांनी माना टाकल्या!”

“कोण ओरडतंय?” अग्लायांनी विचारलं.

“इलारिओन. रेडिओवर फुटबॉल ऐकतोय.”

“दुपारी बाराला?”

“जुना सामना आहे.”

“पाचवं.”

“पाचवं सगळ्यांत छान आहे,” मी म्हणालो. माझ्या पाठीवरून घाम कंबरेपर्यंत गेला होता. “एकदम सरळ. गडद हिरवं.”

“ऊन कसं आहे तिकडे?”

“ढग आहेत.”

“इथे तर लख्ख पडलंय. डोळ्यांना सहन होत नाही.”

“तिकडचे ढग इकडे आलेत.”

“लुकिच!” खालून आवाज. “पांढरी पडतायत रे! कागदासारखी!”

“काय पांढरं पडतंय?”

“खेळाडू,” मी म्हणालो. “दमलेत.”

आठवं आणि नववं रोप मी संपूर्ण कल्पनेतून सांगितलं. नसलेल्या रोपांना मी जितकी पानं दिली तितकी असलेल्यांनाही नव्हती. शेवटी अग्लाया म्हणाल्या, “थांब, नर्स आलीय मोजायला.” मी थांबलो. पट्टा फुगवल्याचा फुस्स आवाज फोनमधून मला स्पष्ट ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, “एकशे अडतीस. तुझ्याशी बोलून बरं वाटतं, लुकिच.”

फोन ठेवला तेव्हा बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

पहिले चार स्क्रू मी मिनिटात काढले. हाताला घाम होता. पाचव्याची खाच फिरली. स्क्रूड्रायव्हर नुसता गरगरायला लागला. काचेपलीकडे दोन हातांवर ट्रे होता आणि मला तो दिसत होता. पानं हिरवी राहिली नव्हती, भुरी झाली होती, कडा आत वळल्या होत्या. मी पक्कड आणायला वर गेलो. पक्कड सापडेना. खाली आलो. वर गेलो. एकोणचाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण मिनिटं एवढी भरभर जातात हे त्या दिवशी पाहिलं.

“काय करतोयस तू?” इलारिओन पायरीवर येऊन म्हणाला.

“स्क्रू काढतोय!”

“का?”

“ट्रे काढायला!”

“शिडी आहे ना माझ्याकडे.”

छज्ज्याला खालून शिडी लावता येते, हे मला सुचलं नव्हतं. चोरालाही कोणी सांगितलं असतं तर सुचलं असतं.

मी शिडीवरून ट्रे उतरवला. डांबरी कागदाला हात लागला तर चटका बसला. मग मी घाईनं एक तांब्या गार पाणी सातही खोक्यांत ओतलं, जे करायचं नसतं, हे फ्रिजवरच्या कागदावर मागच्या बाजूला लाल शाईत लिहिलेलं मी दुसऱ्या दिवशी वाचलं.

दोन दिवस मी ट्रे न्हाणीघरात, अंधारात, ओल्या कापडाखाली ठेवला. तासातासानं कापड उचलून बघायचो. पहिल्या दिवशी पानं गेली. दुसऱ्या दिवशी दांडे मातीपाशी दोऱ्यासारखे बारीक झाले आणि एकेक करून आडवे झाले. शेवटचं संध्याकाळी पाच वाजता. त्याच्या तासभर आधी फोन आला होता. ऑपरेशन उत्तम झालं, पट्टी निघाली, परवा येते.

“भिंतीवरची माशी दिसते मला आता,” अग्लाया म्हणाल्या. “सगळं दिसतं.”

मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन झोया फिलिपोव्नांची घंटा वाजवली.

“या, मात्वेई लुकिच,” त्या म्हणाल्या. “मुलं झोपली का?”

मी थेट त्यांच्या बाल्कनीकडे गेलो. त्या मागून ‘अहो’, ‘अहो’ करत आल्या. बाल्कनीला काचा आहेत, पण सगळ्या उघड्या होत्या आणि वारा अंगावर येत होता. कट्ट्यावर त्यांची रोपं ओळीनं उभी, तीसेक. शेवटी, मलमलीच्या कापडाच्या सावलीत, दोन वेगळी. पानं रुंद. कातर नाही.

“ही कसली?” मी विचारलं.

“बटाट्याची.”

“बटाटे? दुधाच्या खोक्यात?”

“संधिवातानं वाकवत नाही. म्हटलं यंदा बाल्कनीतच लावू.”

“दोनच?”

“एकट्या माणसाला किती लागतात?”

आम्ही दोघंही त्या बटाट्यांकडे बघत उभे राहिलो. दांडे करंगळीएवढे जाड झाले होते, जांभळट, केसाळ. वारा आला की हलायचे आणि परत आपल्या जागी यायचे. माझ्याकडे होती तेव्हा ही वाऱ्याला नुसती शरण जायची.

“झोया फिलिपोव्ना,” मी म्हणालो, “माझ्याकडची गेली.”

“किती?”

“सगळी. सातही. उन्हात भाजली. मी स्क्रू मारले होते.”

मला वाटलं त्या हसतील. त्या खाली स्टुलावर बसल्या. बराच वेळ ॲप्रनची कड बोटाला गुंडाळत राहिल्या.

“तिच्या बरणीत?”

“काही नाही.”

“म्हणजे आता जगात…”

“तुमचे बटाटे.”

वीस वर्षं त्या बाईनं पोकळ टोमॅटो खाल्ले होते. आता कुंपणाच्या पलीकडे काही नव्हतं आणि अलीकडे सगळं होतं. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि त्या तोंडावर काय चाललंय ते मला कळत नव्हतं. घड्याळाचं झाकण न उघडता आत काय बिघडलंय ते सांगता येतं, माणसाचं नाही.

“एक परत द्या,” मी म्हणालो.

“वेडे आहात का? चोरलेलं परत दिलं की आठ दिवसांत मरतं. माझ्या आईनं एकदा मिरची परत दिली होती. मिरची गेलीच, शेजारीण पण गेली.”

“मग मी चोरतो.”

“माझ्या डोळ्यांदेखत? ते चोरणं झालं का? ते तर देणंच झालं.” त्या उठल्या. वैतागल्यासारख्या दिसत होत्या. “तुम्हाला काही म्हणजे काही येत नाही हो, मात्वेई लुकिच. मी चहा टाकायला जाते. माझी किटली फार उशिरा उकळते. आणि स्वयंपाकघरातून बाल्कनी दिसत नाही.”

त्या गेल्या. मी दोन्हींकडे पाहिलं. दोन्ही घ्यावीत असं मनात आलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि माझा खोट्याचा कोटा फोनवर संपला होता. मी हाताशी होतं ते एक उचललं, कोटाच्या आत धरलं आणि बाहेरच्या खोलीतून पाय न वाजवता निघालो. उंबऱ्यात पाय अडखळला. खोकं कलंडलं. मी खांद्यानं दाराची चौकट धरून ते छातीशी दाबलं, तेव्हा दांडा माझ्या हनुवटीखाली वाकला. मोडला असता तर मी तिथेच बसलो असतो आणि उठलो नसतो. तो परत सरळ झाला.

मी तिसऱ्या मजल्यावर पोचतो तोवर झोया फिलिपोव्ना जिन्यात आल्या आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा ओरडल्या, “चोर! मात्वेई लुकिच, चोर आहात तुम्ही चोर!”

विधी पूर्ण झाला. खालून इलारिओन म्हणाला, “कोण? लुकिच? उशिरा का होईना, शिकला!”

अग्लाया तिखोनोव्ना दोन दिवसांनी अकरा वाजता टॅक्सीनं आल्या. काळा चष्मा. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही असं सांगितलं होतं. त्या आपल्या घरी न जाता थेट माझ्याकडे आल्या आणि चष्मा काढून टेबलाकडे बघितलं.

“एक,” त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. लापशी, फोन, छज्जा, स्क्रू, शिडी, गार पाणी. एवढंच सांगितलं नाही की हे एक कुठून आलं. डेपोत ट्राम रुळावरून घसरल्यावर त्या जसा अहवाल ऐकत असतील तसा त्यांनी ऐकला. ऐकून झाल्यावर रोपाच्या दांड्याला दोन बोटं लावली.

“हा दांडा तुझ्या हातचा नाही.”

मी फ्रिजवरच्या कागदाकडे बघितलं.

“वाऱ्यात वाढलाय हा. नीट, रोज थोडा थोडा.” त्यांनी खोकं नाकाशी नेलं. “चहाचा चोथा. अंड्याचं टरफल. झोया!”

“अग्लाया तिखोनोव्ना, रक्तदाब—”

“रोप उचल. चल.”

आम्ही खाली गेलो. एकेक पायरी त्या पाय आपटत उतरत होत्या आणि मी मागून खोकं छातीशी धरून. झोयांनी दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरल्या.

“दुसरं कुठंय?” अग्लाया म्हणाल्या.

“कोणतं दुसरं?”

“झोया.”

“बाल्कनीत.”

बाल्कनीत गेल्यावर अग्लायांना वाकता येईना. “वर धर,” त्या म्हणाल्या. झोयांनी खोकं उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. नवीन डोळ्यानं अग्लायांनी ते रोप पानापानानं तपासलं. झोयांनी तोवर खोकं खाली घेतलं नाही.

“किती वेळ बाहेर असतं?”

“कालपासून रात्रभर.”

“ऊन?”

“सकाळचं दोन तास. मग मलमल.”

“कोणी शिकवलं?”

“कोण शिकवणार? बावीस वर्षं कुंपणावरून बघतेय तुला.”

अग्लायांनी एक पान उलटं करून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ठेव ते तिच्या रोपाशेजारी.”

“पण अग्लाया तिखोनोव्ना, ही तर—”

“चोर आहे. ठाऊक आहे. प्रामाणिक माणसाकडे देऊन पाहिलं. सात मेली.”

मी खोकं ठेवलं. आता दोन्ही रोपं शेजारी शेजारी, वाऱ्यात एकदमच हलणारी, आणि कोणतं कोणाचं ते आईलाही ओळखता आलं नसतं.

“मला नको ही जोखीम,” झोया म्हणाल्या. “दोन्हींतलं एक गेलं तर तू जन्मभर म्हणशील, माझंच मारलंस.”

“म्हणीनच.”

“मग खूण कर. दोरा बांध तुझ्याला.”

अग्लायांनी खिशात हात घातला. तिथे रुमाल होता, औषधाची चिठ्ठी होती, दोरा नव्हता. त्या खिसा चाचपत राहिल्या. झोया त्यांच्याकडे बघत होत्या, मग रोपांकडे, मग परत त्यांच्याकडे.

“राहू दे,” झोया म्हणाल्या. “जे जाईल ते माझं.”

अग्लायांचा हात खिशातच थांबला. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या झोयांच्या घरात स्टुलावर बसल्या आणि काळा चष्मा परत लावला, तिथे ऊन नसतानाही.

“लावताना कुंपणापासून दोन हात आत लाव,” त्या म्हणाल्या. “तिकडे पाणी तुंबतं. आणि एवढा चोथा पडतो म्हणजे चहा होत असेल तुझ्याकडे.”

झोया लगबगीनं काचा लावायला निघाल्या. दवाखान्यातून आलेलं माणूस, वारा लागेल म्हणून.

“उघड्या ठेव,” अग्लाया म्हणाल्या. “त्यांचे अजून चार तास बाकी आहेत.”

बाहेर आठ अंश होतं. आम्ही तिघांनी कोट चढवले आणि चहा घेतला.